हात माहाच आहे

मेश्राम मॅडमच्या हाताबद्दल बोलल्याशिवाय मेश्राम मॅडमबद्दल बोलता येत नाही, आणि त्यांच्यासमोर त्यांच्या हाताबद्दल बोलायची आमच्या शाळेत कोणाची टाप नव्हती. उजवा हात. मांडीवर असला की गप्प असायचा. खडू उचलला, चमचा धरला, कुलपाला किल्ली लावायला घेतली, की थरथर सुरू. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. मॅडम म्हणायच्या, "हात जनरेटरवर आहे माहा. लाइट काही गेली नाही."

मी वणीच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. भूगोल शिकवायच्या. उंची कमी, आवाज दणदणीत. साडी सुती, पदर कमरेला खोचलेला, आणि पायात पुरुषी चपला, कारण विचारलं तर म्हणायच्या, "बायकायच्या चपला चालाले नसतात, दाखवाले असतात." स्टाफरूममध्ये त्या कोणालाही नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. "ए गणित, पंखा लाव." "इंग्रजी, तुझा डबा सांडून राह्यला." मी पहिल्या दिवसापासून 'मराठी' झाले आणि शेवटपर्यंत मराठीच राहिले.

चहाचं एक सांगते. हात कापतो म्हणून चहावाल्या मुलाला कोणीतरी सांगून ठेवलं होतं, मॅडमला अर्धाच कप देत जा. दोन-तीन दिवस मॅडम काही बोलल्या नाहीत. मग एका मधल्या सुट्टीत त्यांनी कप सगळ्यांसमोर टेबलाच्या मध्यावर ठेवला.

"हा कोनाचा आयडिया आहे?"

सगळ्यांनी माना वह्यांत घातल्या.

"अर्धा कप पेशंटले देतात. मले भरून पाहिजे. सांडला तर मी पुसीन, तुमच्या बापाचं टेबल नाही."

कप भरून आला. त्यांनी तो उचलला, बशीत सांडला, साडीवर सांडला, टेबलावर सांडला. उरलेला सावकाश प्यायल्या. मग खिडकीवरचं फडकं आणून टेबल लख्ख पुसलं. पुढची सगळी वर्षं हेच चाललं. त्या पुसायला लागल्या की आम्ही वह्या उचलून धरायचो, एवढंच.

त्यांचं बालपण राजूरला गेलं. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला. कॉलनीत पाण्याच्या टाकीजवळ सिमेंटचा एक ओटा होता, तिथे पाळी सुटल्यावर पुरुषमंडळी बुद्धिबळ खेळायची. चुनाभट्ट्यांची पांढरी धूळ पटावर बसायची आणि एक डाव संपेपर्यंत काळ्या सोंगट्या करड्या व्हायच्या. छोटी शकुंतला बाबांच्या खांद्यामागे उभी राहून पाहायची. खेळणाऱ्यांत एक तिवारी म्हणून गृहस्थ होते. ते एकदा तिला म्हणाले, "बेटी, जाओ, चाय बना के लाओ."

बाबा पटावरून मान वर न करता म्हणाले, "चाय बनाने तू जा, तिवारी. तेरी बाजी ये खेलेगी."

त्या दिवशी ती हरली, आणि रडली. बाबांनी पट तसाच ठेवला. "रडाचं असंन तं घरी जाय. खेळाचं असंन तं सोंगट्या मांड." तिने मांडल्या. काही महिन्यांनी तिवारी हरले आणि आठवडाभर ओट्यावर फिरकले नाहीत. ही गोष्ट मॅडम सांगायच्या तेव्हा त्यांना आनंद तिवारींना हरवल्याचा नसे, ते आठवडाभर आले नाहीत याचा असे.

बाबांचं आणखी एक वाक्य त्या सांगत. डाव हातचा गेला की पोरगी सोंगट्या गोळा करायला लागे, तेव्हा बाबा तिचं मनगट धरून म्हणत, "आपल्या लोकायनं लय पिढ्या हात जोडले, बाई. पटावर तरी जोडू नको. त्याले मात कराले लाव." म्हणून मॅडमनी आयुष्यात कधी डाव सोडून दिला नाही. वजीर गेला, दोन्ही हत्ती गेले, समोरचा जांभया द्यायला लागला, तरी त्या शेवटच्या चालीपर्यंत खेळायच्या. चांगल्या खेळाडूंना हे असभ्य वाटतं असं मी नंतर ऐकलं. मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "त्याले सभ्यपणा पाहिजे असंन तं पुस्तक वाचाव."

एके वर्षी मुख्याध्यापकांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. मी मस्टरवर सही करत तिथेच उभी होते. सरांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "मॅडम, संस्थेचं असं म्हणणं पडलं की तब्येतीच्या कारणानं तुम्ही स्वेच्छानिवृत्तीचा विचार करावा. काय आहे, फळ्यावरचं अक्षर आता... पोरं हसतात."

"कोनते पोरं?"

"तसं नाव घेऊन नाही सांगत."

"अक्षर कापते, सर. भूगोल नाही कापत."

एवढं बोलून त्या निघून आल्या. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात त्यांनी मुद्दाम आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढायला घेतला. माझा तास शेजारच्याच वर्गात होता आणि मधली भिंत प्लायवुडची होती, त्यामुळे खडूची कटकटसुद्धा मला ऐकू येत होती. कोणीतरी फिसकन हसलं.

"काहून हासून राह्यला बे?"

"मॅडम, नदी वाकडी-तिकडी आली."

"कोनती हाये ते?"

"पैनगंगा."

"पाह्यली कधी?"

"हो मॅडम. मामाचं गाव हाये तिकडं."

"मंग सांग, सरळ हाये काय?"

"नाही."

"मंग? देवानं काय पट्टी घेऊन आखली ते? बस खाली. मी काढली तशीच काढ वहीत."

दोन्ही वर्ग हसले. सर तेव्हा व्हरांड्यातून चालले होते. ते थांबले, फळ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. स्वेच्छानिवृत्तीचा विषय परत निघाला नाही.

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना मॅडम बुद्धिबळाच्या रेटिंगच्या, म्हणजे हारजितीवरून खेळाडूचे गुण ठरतात अशा, स्पर्धा खेळायला लागल्या. नवरा फार लवकर गेलेला, एक मुलगी, ती लग्न होऊन नागपूरला. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. जवळपास कुठे स्पर्धा असली की शनिवारी दुपारी निघायच्या. बहुतेक हरून यायच्या. समोर बसणारी मुलं त्यांच्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान असत, आणि मोबाइलवर हजारो डाव खेळून आलेली. मॅडमचं रेटिंग चौदाशेच्या उंबरठ्यावर अडकून राहिलं. त्याचं त्यांना विशेष नव्हतं. त्यांना राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांची सोंगटी पडली की समोरचं मूल पटकन उचलून ठेवायचं आणि त्याची आई मागून कौतुकाने हसायची. मॅडम ती सोंगटी परत आडवी करायच्या आणि स्वतः उभी करायच्या, आपलं घड्याळ चालू असताना.

यवतमाळची स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले होते. मारेगाव, करंजी मागे पडेपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मधूनच उजव्या हाताची मूठ डाव्या हातात धरून दाबत होत्या. घाबरल्यात का असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण मी विचारलं नाही.

पोचल्या पोचल्या मुख्य पंच धावत आले. चांगला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, नियमात सोय आहे. तुम्ही चाल सांगा, आमचा माणूस पटावर करेल. तुम्हाला त्रास नको."

"सोय आहे की सक्ती आहे?"

"सोय आहे."

"मंग राहू द्या."

पहिल्या दिवशी त्या दोन डाव जिंकल्या, एक हरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर जोड्या लागल्या, तेव्हा त्यांच्या नावासमोर नागपूरचा अथर्व म्हणून एक मुलगा होता. इंजिनिअरिंगला होता, रेटिंग दोन हजाराला टेकलेलं. आदल्या दिवशी एक डाव अनपेक्षित हरून खाली घसरला होता, नाहीतर तो मॅडमच्या वाट्याला आलाच नसता. यादी पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "बाई सुटल्या लवकर. जेवायला मोकळ्या." मॅडम माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

मुलगा पटावर आला, नमस्कार करून म्हणाला, "नमस्ते आँटी."

"पटावर आँटी नसते. मेश्राम."

"सॉरी, मेश्राम मॅडम," तो म्हणाला आणि सरळ बसला.

आम्ही बाकीचे दोरीच्या बाहेर. तिथून पट नीट दिसत होता. मॅडमनी मला मधल्या सुट्ट्यांत शिकवलं होतं, त्यामुळे चाली कळत नसल्या तरी कोणाची बाजू कशी आहे एवढं कळत होतं. मुलगा चटाचट खेळत होता आणि अधूनमधून उठून मित्रांचे पट पाहून येत होता. मॅडम खुर्चीतून हलल्या नाहीत. एकेक चाल करताना त्यांचा हात पटावर घिरट्या घालायचा, सोंगटी पकडायचा, घरात ठेवताना ती दोनदा-तीनदा टकटक वाजायची. दोघांचे वजीर मारले गेले. मॅडमकडे एक हत्ती, एक उंट आणि काही प्यादी, त्याच्याकडे हत्ती, घोडा आणि तेवढीच प्यादी. डाव सारखा होता. मुलाचं उठून जाणं थांबलं होतं.

मग ते झालं. मॅडमनी हत्ती उचलायला हात नेला. हात जोरात कापला, बोटं शेजारच्या उंटाला लागली, उंट कलंडायला लागला, आणि त्यांनी तो बोटांत पकडला. पकडून परत जागेवर ठेवला आणि हत्तीकडे वळल्या.

मुलाने घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. "सर, टच मूव्ह."

हात लावलेली सोंगटीच चालवायची, हा खेळाचा साधा नियम. उंट चालवला तर डाव्या बाजूचं प्यादं उघडं पडत होतं, हे मलासुद्धा दिसत होतं. पंच आले. त्यांनी मॅडमच्या हाताकडे पाहिलं, मग मुलाकडे. दोरीच्या बाहेर कुजबुज सुरू झाली. "अरे, बाईंची हालत तर पाह्य." "लाज नाही वाटत काय याला." मुलाचे कान लाल झाले, पण तो मागे हटला नाही. हळू आवाजात म्हणाला, "सर, त्यांनी उंट बोटांत धरला. मी पाहिलं."

पंच मॅडमकडे वाकले. "मॅडम, चुकून लागला ना? चुकून लागला असेल तर नियम लागू होत नाही. तुम्ही फक्त तसं सांगा, बस. मी पुढे चालू करून देतो."

एका शब्दाचं काम होतं. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, म्हणा.

"पोट्टं खरं बोलून राह्यलं," मॅडम म्हणाल्या. "धरला मी."

"पण मॅडम, तुमचा हात..."

"हात माहाच आहे, सर. दुसऱ्या कोनाचा नाही. चुकला तरी माहाच. घड्याळ चालू करा."

आणि त्यांनी उंट चालवला.

प्यादं गेलं. थोड्याच चालींत उंटाच्या बदल्यात घोडा असं होऊन दोन्ही पटावरून उतरले, आणि त्या मुलाचं एक प्यादं मोकळं सुटलं. त्याला अडवायला कोणी नव्हतं. दोरीबाहेरचे काही लोक जेवायला निघून गेले. मलाही बसवेना. मी पाणी पिऊन आले.

परत आले तेव्हा मॅडमचा राजा पटाच्या मध्यावर होता. त्या प्याद्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हत्ती त्या मुलाच्या शेवटच्या ओळीत जाऊन बसला होता, आणि राजा एकेक घर पुढे चालला होता, सरळ त्याच्या राजाच्या दिशेने. त्याचा राजा पटाच्या अगदी कडेला सरकला होता, आणि त्याचा हत्ती लांब, प्याद्याच्या मागे. दोघांकडे वेळ थोडा उरलेला. मुलगा प्यादं ढकलत होता, मॅडम राजा चालवत होत्या. प्यादं एक घर, राजा एक घर. सोंगटी ठेवतानाची टकटक आता सबंध हॉलमध्ये ऐकू येत होती, कारण बाकीचे बहुतेक डाव संपले होते आणि मुलं येऊन गोळा झाली होती.

त्याचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. त्याने प्यादं काढून तिथे वजीर ठेवला, घड्याळ दाबलं आणि मागे टेकून बसला. अर्धा क्षण. मग त्याची नजर आपल्या राजावर गेली, आणि तो टेकलेला सरळ झाला.

मॅडमचा राजा त्याच्या राजासमोर, मध्ये एक घर सोडून उभा होता.

मॅडमनी हात उचलला. मी दोरीवरून पुढे वाकले. हत्ती फळीवर घासत जाऊन कडेच्या घरात थांबला. टक, टक, टक. मग शांत.

"मात," त्या म्हणाल्या.

मुलाने घड्याळ थांबवलं. नवा वजीर त्या कोपऱ्यात तसाच उभा होता, कोणाच्या कामाचा नाही. मग त्याने हात पुढे केला. मॅडमनी त्यांचा कापता हात त्यात दिला, आणि त्याने तो घट्ट दाबला, जसा कोणाही खेळाडूचा दाबतात तसा.

बाहेर अंगणात आल्यावर मी त्या मुलाला नावं ठेवायला लागले. माणुसकी नाही, मोठ्यांची कदर नाही, नियमावर बोट ठेवून जिंकायला निघाला होता, चांगली जिरली. मॅडम नळावर तोंड धुवत होत्या. पदराने तोंड पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुले त्याचा राग कायले आला?"

"मॅडम, त्याने..."

"थांब, मराठी. सकाळपासून इथं जो भेटला तो माह्या हाताशी बोलून राह्यला. तो पंच. ते पोरायचे मायबाप. तू बी. त्या एकट्या पोट्ट्याले समोर खेळनारी दिसली." त्यांनी पदर पुन्हा कमरेला खोचला. "त्यानं सोडून देल्लं असतं न, तं हा डाव मी जिंकली नसती. त्यानं देल्ला असता मले. घरी नेऊन काय करू त्याचं?"

मॅडमना उत्तर नकोच होतं. त्या जेवायच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मुलगा मागून आला, ताट घेऊन त्यांच्याच शेजारी बसला, आणि दोघं वरणभाताच्या ताटाकडेला मिरच्या आणि लिंबाच्या फोडी मांडून डावाची चर्चा करत बसली. मॅडम त्याला म्हणत होत्या, "वजीर झाला म्हनून टेकला तू. टेकाचं नाही."

त्या दुपारी पुढच्या फेरीत मॅडम एका शाळकरी मुलीकडून वाईट हरल्या. घोडा फुकट दिला. गाडीत वणी येईपर्यंत स्वतःला शिव्या देत होत्या.

सोमवारी मात्र यवतमाळच्या त्या विजयाबद्दल शाळेत सत्कार ठेवलेला. शाल, नारळ, मुलं मैदानात बसलेली. मुख्याध्यापक सरांनी भाषण केलं. मनापासून केलं, याबद्दल मला शंका नाही. म्हणाले, "मेश्राम मॅडमनी जिद्दीच्या जोरावर आजारावर मात केली. त्यांचे थरथरते हात आपल्या सगळ्यांना प्रेरणा आहेत."

मॅडम माइककडे आल्या. माइकचा दांडा डाव्या हाताने धरला.

"सर चुकून सांगून राह्यले. आजारावर मात-बीत काही झाली नाही. आजार हाये अजून, तो हा पाहा." त्यांनी उजवा हात पुढे केला. "मात नागपूरच्या पोट्ट्यावर झाली. तो माह्याहून कितीतरी भारी खेळते. तरी झाली. कशी झाली ते ज्याले पाहाचं आहे त्यानं मधल्या सुट्टीत या, पट मांडून दाखवतो. शाल कोनी घेऊन जा, मले गर्मी होते."

मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी पाय ठेवायला जागा नव्हती. सरही मागे उभे राहून पाहत होते. चहा भरून आला, सांडला, मॅडमनी पुसला, आणि त्या उंटाच्या चालीपासून परत सगळा डाव मांडला. त्या चालीपाशी एका मुलाने विचारलं, "मॅडम, खोटं बोलल्या असत्या तर?"

"तर दुसरा डाव झाला असता," मॅडम म्हणाल्या. "तो मी नाही खेळली. पुढं पाह्य."

निवृत्तीनंतरही त्या वणीतच राहिल्या. मुलगी ये म्हणायची, त्या स्पर्धा असली की जायच्या आणि परत यायच्या. रेटिंग वाढलं नाही, उलट थोडं उतरलं. मागच्या हिवाळ्यात नागपूरला मुलीकडे असताना झोपेतच गेल्या. मुलीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मी तास पूर्ण केला, कारण अर्धा सोडला असता तर मॅडमनी मला सोडलं नसतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही आठवडे आधी, वणीच्या बसस्टँडवर. मी भाजी घेऊन येत होते, त्या नागपूरच्या बसची वाट पाहत उभ्या होत्या. मी पिशवी धरू का म्हटलं, नाही म्हणाल्या. बस लागली तशी गर्दी दारावर तुटून पडली. मॅडम कोपर पुढे करून त्या गर्दीत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. मग खिडकीत दिसल्या. एका सीटवर कोणीतरी बाहेरून रुमाल टाकून जागा धरली होती. मॅडमनी तो रुमाल चिमटीत उचलला, खाली बसल्या, आणि धापा टाकत आलेल्या एका धिप्पाड माणसाच्या हातात तो दिला.

काच बंद होती, इंजिन घरघरत होतं. मला ऐकू काही येत नव्हतं. तो माणूस हातवारे करत होता आणि मॅडमचं बोट त्याच्या नाकासमोर थरथरत होतं. मी हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. कंडक्टरने घंटी मारली, बस मागे आली, वळली. फाटकातून बाहेर पडताना मला दिसलं, तो माणूस रुमाल खिशात कोंबून दांडीला धरून उभा होता, आणि मॅडम बसलेल्या होत्या, आणि अजून बोलतच होत्या.